सोनारीची वाट आणि अंगभर पसरलेले दुखणे

कुर्डुवाडी स्टेशनवर उतरून परांड्याची एस.टी. धरली की सोलापूर जिल्हा मागे पडतो आणि धाराशिव जिल्हा सुरू होतो. दोन्ही बाजूंना उसाचे फड, मधेच ज्वारीची राने, आणि सीना नदीचा पट्टा. परांड्यात सोनारीची गाडी मिळेपर्यंत थोडा वेळ जातो. तो किल्ल्यासाठी ठेवावा. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर निजामशाहीची राजधानी इथे आली होती. विजापूरच्या बुरुजावरची प्रसिद्ध मुलुख-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. १६३२ मध्ये विजापूरला नेण्याआधी ती याच किल्ल्यात होती. गावात ख्वाजा बद्रुद्दीन साहेबांचा दर्गा आहे आणि तिथे फातेहा द्यायला येणाऱ्यांत सगळ्या जातीधर्मांची माणसे असतात.

पुढे सोनारी. या गावाचे नाव काढले की काळभैरवनाथाचे नाव आपोआप येते. अनेक घराण्यांचे हे कुलदैवत. चैत्रातल्या यात्रेला लांबलांबून लोक येतात. एरवी गाव शांत असते. देवळाच्या आसपासची माकडे मात्र कायम हजर. हातातली पिशवी जपावी लागते.

अशा गावांत नवस फार बोलले जातात आणि त्यांत दुखण्याचे नवस पुष्कळ. दर्ग्याच्या ओट्यावर बसा की देवळाच्या पारावर, एका प्रकारची बाई हमखास भेटते. मान दुखते, खांदे दुखतात, कंबर, गुडघे, टाचा दुखतात. रात्री झोप लागते पण सकाळी उठल्यावर अंग झोपेआधीपेक्षा जड. रक्त तपासले, एक्सरे काढला, सगळे रिपोर्ट नॉर्मल. घरचे म्हणतात, "काही झालेलं नाही, वहम आहे." तिच्या पिशवीत मात्र चार ठिकाणची औषधे असतात.

आम्हा नवरा-बायकोचा सोनारीशी संबंध अशाच एका बाईमुळे आहे. आमच्या खाला लग्न होऊन या गावात आल्या, त्याला चाळीस वर्षे होऊन गेली. शेतात राबल्या, मुले वाढवली, खालूंचे आजारपण काढले. मग त्यांचे स्वतःचे अंग दुखू लागले. पीठ मळता येईना, धुणे पिळता येईना, सजद्यातून उठताना हात टेकावे लागू लागले. आम्ही दरवर्षी एक-दोनदा जातो, आणि प्रत्येक खेपेला त्यांच्या उशाशी नवे काहीतरी दिसत गेले. आधी दम केलेले पाणी आणि तावीज. मग निरगुडीच्या तेलाची मालिश. मग तांब्याचे कडे आणि चुंबकाचा पट्टा. एकदा हिजामा करून आल्या होत्या. गावातल्या सुईवाल्याकडून सलाईनही लावून घेतले. बाटली लावली की दोन दिवस हुशारी वाटायची. त्या चिडून म्हणायच्या, "मला हौस आहे का रे? कोणी म्हणालं इथं गुण येतो की मी जाते. घरात बसून काय करू?"

त्यांच्या या प्रश्नाला घरात कोणाकडे उत्तर नव्हते.

वाटेवरच्या एका गावात, त्याचे नाव घेत नाही, एक गृहस्थ ठरलेल्या वारी वाताची पुडी देत. कागदात बांधलेली पांढुरकी भुकटी, त्यावर ना नाव ना मात्रा. महिन्याला दीड हजार रुपये. खालांना चौथ्या दिवशी असा आराम पडला की त्या स्वतः उठून भाकरी थापायला बसल्या. गल्लीत बोलबाला झाला. शेजारच्या दोन बायकांनीही पुडी सुरू केली.

पाच-सहा महिन्यांनी आम्ही गेलो तर खालांचा चेहरा गोल, सुजल्यासारखा झाला होता. हातावर जरा धक्का लागला की काळेनिळे डाग पडत होते. साखर वाढली होती. याआधी त्यांना साखरेचा त्रास कधीच नव्हता. आम्ही त्यांना बार्शीला एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी चेहऱ्याकडे पाहूनच विचारले, "पुडी घेता का?"

त्यांचा संशय स्टेरॉइडवर होता. बिनानावाच्या पुड्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळलेले आढळते, हे डॉक्टरांना नवे नाही. ही औषधे वाईट नाहीत; योग्य आजारात, मोजून दिली तर जीव वाचवतात. पण न सांगता महिनोन्‌महिने पोटात गेली तर साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग लवकर होतो. शिवाय शरीर स्वतःचे नैसर्गिक स्टेरॉइड बनवणे कमी करते. म्हणून अशी पुडी एका दिवसात फेकून देणेही धोक्याचे असते. अचानक रक्तदाब खाली जाऊन माणूस कोसळू शकतो. डॉक्टरांनी आपल्या देखरेखीखाली, हळूहळू मात्रा कमी करत ती सोडवली. ज्यांच्या घरात अशी पुडी चालू असेल त्यांनी एवढी गोष्ट जरूर लक्षात ठेवावी: पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, काही लपवू नका.

त्याच डॉक्टरांनी खालांना सोलापूरच्या संधिवाततज्ज्ञांकडे पाठवले. तिथे कोणीतरी पहिल्यांदा त्यांना झोपेबद्दल विचारले, थकव्याबद्दल विचारले, अंगावर ठिकठिकाणी दाबून पाहिले. थायरॉइड आणि आमवात नाही याची खात्री केली आणि आजाराचे नाव सांगितले: फायब्रोमायल्जिया. खाला क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते ना?"

या आजारात सांधे झिजत नाहीत, सूज येत नाही, म्हणून एक्सरेत काही दिसत नाही. मेंदू आणि मज्जातंतू दुखण्याचा निरोप वाढवून देतात. रेडिओचा आवाज कोणीतरी मोठा करून ठेवावा तसे. साध्या दाबाचेही दुखणे होते. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने १९९० मध्ये निदानाचे निकष ठरवले: शरीरावरच्या १८ ठरावीक जागांपैकी ११ जागी दाबल्यावर दुखणे. २०१० मध्ये ते बदलून दुखण्याचा पसारा, थकवा, झोप आणि विसराळूपणा यांवर भर दिला गेला. पुरुषांनाही हा आजार होतो, पण रुग्णांत बायका जास्त.

हे शहरी, खुशालचेंडू लोकांचे दुखणे आहे असे कोणी म्हणाले तर त्याला भिगवण दाखवावे. सोनारीहून पश्चिमेला करमाळा ओलांडून गेले की उजनीच्या पाण्याकाठी हे गाव लागते. तिथे १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने घरोघरी जाऊन पाहणी केली. सुमारे १८ टक्के प्रौढांना स्नायू-सांध्यांचे दुखणे निघाले. आमवात मात्र त्या मानाने फार थोड्यांना, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. म्हणजे खेड्यातली बहुतेक दुखणी मोठ्या नावाच्या आजारात बसत नाहीत, आणि अशांनाच कोणी मनावर घेत नाही. पुडीवाल्याचा धंदा चालतो तो याच जागी. तो निदान ऐकून तरी घेतो.

मग इलाज खरा कोणता आणि भुलवणारा कोणता, हे कसे ओळखायचे? हे शिकायला फार दूर जावे लागत नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या आधाराने १९८७ पासून बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावांची कर्करोग नोंदणी चालू आहे. देशातली ही पहिली ग्रामीण नोंदणी. पुढे याच उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. गावांचे ५२ समूह केले, त्यांचे चार गट पाडले. तीन गटांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी वेगवेगळ्या तपासण्या, चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था. आठ वर्षे नजर ठेवली. एचपीव्ही विषाणूची तपासणी फक्त एकदा झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर वापरले गेले. चौथ्या गटाला तपासणी न देणे योग्य होते का, यावर नंतर वाद झाला. तो व्हायलाच हवा होता. पण पुरावा कसा तयार होतो हे या जिल्ह्यातल्या बायकांनी जगाला दाखवले. "माझ्या नणंदेला गुण आला" एवढ्यावर इलाज सिद्ध होत नाही. ज्यांना दिला आणि ज्यांना नाही दिला, त्या दोघांची तुलना करावी लागते.

असा पुरावा मागणे ही पाश्चात्त्यांची चाल आहे, असे काहीजण म्हणतात. इब्न सीना यांनी हजार वर्षांपूर्वी 'अल-कानून'मध्ये औषध पारखण्याचे सात नियम घालून दिले होते. परिणाम वारंवार दिसला पाहिजे, नाहीतर तो योगायोग समजावा, असा त्यांतला एक. आणि औषधाची परीक्षा माणसावर झाली पाहिजे, कारण जनावरावरचा परिणाम माणसाला लागू पडेलच असे नाही, असा दुसरा. अबू दाऊद यांच्या संग्रहातल्या एका हदीसचा आशय असा आहे की वैद्यकाचे ज्ञान नसताना जो इलाज करतो, नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येते. बिनानावाची पुडी देणाऱ्यांनी हे वाचले आहे की नाही कोण जाणे.

हिजामाबद्दल आपल्या घरांत नेहमी विचारणा होते. जर्मनीत फायब्रोमायल्जियाच्या १४१ रुग्णांवर रक्त न काढता पेले लावण्याची चाचणी झाली आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला खरे पेले, दुसऱ्याला छिद्र पाडलेले, ताण न धरणारे पेले, तिसऱ्याला नेहमीचेच उपचार. १८ दिवसांनी पेले लावलेल्यांना काहीसा आराम होता, पण दुखण्याच्या बाबतीत खऱ्या आणि खोट्या पेल्यांत फरक निघाला नाही. म्हणजे आराम बहुधा स्पर्शाचा, विश्वासाचा, कोणीतरी अर्धा तास दिल्याचा. हिजामाचा उल्लेख हदीसमध्ये आहे आणि ज्याला तो सुन्नत म्हणून करायचा आहे त्याने करावा. पण ब्लेड नवे असावे, करणारा शिकलेला असावा. नाहीतर कावीळ ब आणि क यांचे विषाणू रक्तातून येतात. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

दुआ ही वेगळी गोष्ट आहे. तिला कोणत्या चाचणीत बसवायचे कारण नाही. दर्ग्यात बसून खालांना रडू येते आणि मन हलके होते. शेजारच्या मावशींना भैरवनाथासमोर तसेच होते. त्याने कोणाचे मूत्रपिंड बिघडत नाही. अडचण सुरू होते ती "औषध बंद कर, तरच गुण येईल" असे कोणी सांगितले की. अशी अट घालणाऱ्यापासून लांब राहावे, मग तो कोणत्याही धर्माचा असो की गळ्यात स्टेथोस्कोप घालणारा असो.

सिद्ध झालेला इलाज ऐकायला फार साधा आहे. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सगळे पुरावे तपासले. ठाम शिफारस करावी असा एकच उपचार त्यांना सापडला: नियमित व्यायाम. काही गोळ्यांचा, गरम पाण्यातल्या व्यायामाचा, ध्यानासारख्या संथ हालचालींचा काहींना थोडाफार उपयोग होतो. मुळापासून बरे करणारे औषध आज नाही. जो शंभर टक्के गॅरंटी देतो त्याच्यापासून सावध राहायला एवढे पुरे. १९५४ च्या चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्यातही वाताच्या दुखण्याचा समावेश आहे.

खालांना रात्री एक कमी मात्रेची गोळी सुरू झाली. व्यायाम म्हणताच त्या हसल्या होत्या: "जन्मभर राबले, आता आणखी काय चालायचं?" पण राबणे वेगळे आणि शरीर हळूहळू सवयीला लावणे वेगळे. पहिल्या आठवड्यात फजरनंतर पाच मिनिटे. दुखले तरी दुसऱ्या दिवशी पाच मिनिटे. मग सात, मग दहा. त्यांची सून सोबत जाते. दुपारच्या झोपेला तिनेच कात्री लावली. धुणे पिळायचे काम मुलाने घेतले. सुरुवातीला गल्लीत त्यावर हसणे झाले, आता होत नाही. वाईट दिवशी खाला खुर्चीवर बसून नमाज पढतात. दीनने ती सवलत दिलेली आहे आणि ती घेण्यात कमीपणा नाही.

दुखणे गेलेले नाही. पण आताशा त्या फडाच्या कडेपर्यंत जाऊन येतात. साखर खाली आली आहे, चेहरा पूर्वीसारखा झाला आहे. पुडी घेणाऱ्या दोघी शेजारणींपैकी एकीला त्यांनी स्वतः बार्शीला नेले. दुसरी अजून ऐकत नाही. खाला म्हणतात, "तिलाही आधी कोणीतरी खरं मानायला पाहिजे. मग ऐकेल ती."