सायकलीचा विमानप्रवास

प्रवासास निघतांना सामान किती घ्यावें याविषयीं प्रत्येक घरांत दोन पक्ष असतात. एक पक्ष म्हणतो, "जेथें जाल तेथें सर्व कांहीं मिळतें." दुसरा म्हणतो, "आपलें तें आपलें." आमच्या घरीं हा वाद अंथरुणावरून, पाण्याच्या तांब्यावरून, फराळाच्या डब्यावरून अनेक वर्षें झाला, आणि दर वेळीं फराळाचा डबा जिंकला. परंतु सायकल बरोबर घ्यावी कीं न घ्यावी, आणि तीही विमानांतून, हा प्रश्न आमच्यापुढें प्रथम आला तो जानेवारी २०२५ मध्यें. त्यावर जो विचार आम्हीं केला तो असाच बेत करणाऱ्या वाचकांस उपयोगी पडेल, अशा समजुतीनें येथें मांडीत आहें.

बेत असा होता. माझ्या मुलीला दहा दिवसांची रजा मिळाली होती. तिची आई गेल्यापासून आम्हां दोघांचा एकत्र प्रवास असा झालाच नव्हता. विमानानें कोचीस उतरावें. तेथून आलप्पुळा, कोल्लम, वर्कला असें समुद्रकांठानें सायकलीवरून तिरुवनंतपुरमपर्यंत जावें. दररोज तीस-चाळीस किलोमीटर, मध्यें विसांवा. आणि तिरुवनंतपुरमहून पुन्हां विमानानें पुण्यास यावें, असें तिनें ठरविलें. अंतर दोनशें किलोमीटरांहून थोडें अधिक, आणि रस्ता बहुतेक सपाट. पुण्याच्या पेठांतून चौतीस वर्षें सायकलीवरून शाळेस गेलेल्या माणसाला यांत भिण्यासारखें कांहीं नव्हतें. भीति होती ती गुडघ्याची. "सायकल खुशाल चालवा, पण बैठक बरोबर उंचीवर हवी, पेडल तळाशीं गेलें असतां गुडघा किंचितच वांकलेला राहिला पाहिजे," असें डॉक्टरांनीं बजाविलें होतें. माझ्या सायकलीची बैठक, हँडल आणि अंतर हें सर्व त्या बेतानें जुळविलेलें आहे. बैठक दोन बोटें खालीं गेली कीं उजवा गुडघा संध्याकाळीं जाब विचारतो.

म्हणून "तेथेंच भाड्यानें घ्या" हा सर्वांत सोपा उपाय आमच्यापुरता बाद झाला. फोर्ट कोचींत भाड्याच्या सायकली मिळतात. परंतु त्या गांवांत हिंडण्यासाठीं असतात आणि जेथून घेतल्या तेथेंच परत द्याव्या लागतात. आगगाडीचाही विचार केला. कोकण रेल्वेचा मार्ग १९९८ मध्यें अखंड खुला झाल्यापासून इकडून केरळांत जाणें सोयीचें झालें आहे, आणि ब्रेकव्हॅनमध्यें सायकल नोंदवून नेतां येते. पण जातांना एक दिवसाहून अधिक आणि येतांना तितकाच वेळ मोडणार. दहा दिवसांच्या रजेंत ही चैन परवडेना. तेव्हां विमान ठरलें, आणि सायकल कशांत घालून न्यावी एवढाच प्रश्न राहिला.

पहिला पर्याय टणक पेटीचा. कठीण प्लास्टिकची, आंत पट्टे, खालीं चाकें. सायकलीचें रक्षण करण्यांत हिला तोड नाहीं. पण रिकामी पेटीच दहा-बारा किलोंची असते, आणि तिची किंमतही मोठी. शिवाय कोचीस उतरून तिरुवनंतपुरमहून परतणारानें ती मधल्या काळांत ठेवावी कोठें? जो मनुष्य एका गांवीं उतरून, भोंवतालीं हिंडून, त्याच गांवाहून परततो, त्यानें ही पेटी मुक्कामाच्या ठिकाणीं ठेवून द्यावी. त्याच्यासाठीं ती उत्तम.

दुसरा पर्याय अस्तर भरलेल्या कापडी पिशवीचा. वजन चारपासून आठ किलोंपर्यंत. रिकामी झाली कीं तिची गुंडाळी होते, आणि ती गुंडाळी कुरियरनें पुढच्या गांवीं धाडतां येते. तिची बाजू मात्र मऊ असते. वर दुसऱ्या कोणाची जड पेटी येऊन पडली, तर आंतील नाजूक भागांस मार बसतो.

तिसरा पर्याय पुठ्ठ्याच्या खोक्याचा. नव्या सायकली ज्या खोक्यांतून दुकानांत येतात तेंच खोकें दुकानदार बहुधा फुकट किंवा थोडक्या पैशांत देतो. वजन तीन-चार किलो. काम झालें कीं टाकून द्यावें. शत्रु एकच, तो म्हणजे पाणी. पावसाळ्यांत भिजलें कीं त्याचा लगदा होतो.

चौथा पर्याय ऐकून वाचकांस नवल वाटेल. इंग्लंडांतील सायकलस्वारांची एक जुनी संस्था आहे. ती १८७८ मध्यें स्थापन झाली आणि २०१६ पासून सायकलिंग यूके या नांवानें ओळखली जाते. तिच्या सभासदांत जाड पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीची शिफारस फार दिवसांपासून आहे. सायकल डोळ्यांना दिसली म्हणजे हमाल ती जपून उचलतो. खोकें दिसलें म्हणजे त्यावर दुसरें खोकें ठेवतो, असा त्यांचा युक्तिवाद. मनुष्यस्वभावाची ही पारख मला पटली. पण अशी पिशवी घेतली जाईल कीं नाहीं, हें कंपनीला आधीं विचारल्यावांचून तिच्यावर भिस्त ठेवूं नये. यांशिवाय घडीची सायकल म्हणून एक पांचवा मार्ग आहे. ती मोठ्या बॅगेंत मावते. पण तिचीं चाकें लहान, आणि माझ्या गुडघ्याला ती नवखी.

आतां वजनाचा हिशेब. मुंबईहून १९२३ मध्यें निघून १९२८ मध्यें पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून आलेले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा यांच्या सायकली समुद्र ओलांडतांना आगबोटीवरून गेल्या. आगबोटीला एका सायकलीचें ओझें तें काय! विमानाचें तसें नाहीं. पुष्पक विमानांत कितीही जण बसले तरी एक जागा रिकामी राहते अशी आपल्याकडे समजूत आहे. आजच्या विमानांत एकेक किलो मोजला जातो. देशांतल्या देशांत साध्या तिकिटावर बहुधा १५ किलो सामान पोटांत आणि ७ किलो हातांत, असा सामान्य नियम आहे. माझी सायकल १४ किलोंची, मुलीची ११ किलोंची. दोन खोक्यांचे प्रत्येकीं चार किलो धरले तर एकूण ३३ किलो, म्हणजे दोघांच्या ३० किलोंवर अवघे तीन. त्याऐवजीं बारा-बारा किलोंच्या दोन टणक पेट्या घेतल्या असत्या तर एकूण ४९ किलो, म्हणजे जातांना १९ आणि येतांना पुन्हां १९ किलोंचे जादा पैसे. कांहीं कंपन्या सायकलीसाठीं निराळी ठराविक रक्कम घेतात. म्हणून तिकीट काढण्यापूर्वीं नियम लेखी मागवून घ्यावा. लहान पंख्यांच्या विमानांत सामानाचें दारच लहान असतें, तेंही विचारावें.

"आपल्याबरोबर नको, मालवाहतुकीनें पुढें पाठवूं," असें कोणी सुचवितो. तेथें वजन तराजूवर ठरत नाहीं, आकारमानावर ठरतें. लांबी, रुंदी व उंची यांचा सेंटिमीटरांतील गुणाकार करून त्यास ६००० नें, कोठें कोठें ५००० नें, भागतात. १४० × २० × ८० म्हणजे २,२४,००० घन सेंटिमीटर; त्यास ६००० नें भागलें असतां ३७ किलोंहून अधिक येतात. अठरा किलोंच्या खोक्याला सदतीस किलोंचें भाडें!

टायरमधील हवा काढा असें विमान कंपन्या सांगतात, आणि उंचावर टायर फुटतात अशी समजूत सर्वत्र आहे. माझें पदार्थविज्ञान मॅट्रिकपुरतेंच, पण येथें तेवढें पुरतें. सामानाची जागा विमानाच्या दाबबंद भागांतच असते. ती तशी नसती आणि बाहेर अगदीं निर्वात असतें, तरी टायरवरचा दाब एका वातावरणाइतकाच, म्हणजे दर चौरस इंचास सुमारें १५ पौंडच वाढला असता. पन्नास पौंडांचा टायर तेवढ्यानें फुटत नाहीं. तरीही नियम आहे तेथें वाद घालूं नये; बरीचशी हवा सोडावी, थोडी राहूं द्यावी, म्हणजे धक्का बसला तर रिम वांचतें. विजेच्या सायकलीची गोष्ट मात्र खरोखर निराळी आहे. प्रवासी विमानांत १६० वॅट-तासांपेक्षां मोठी लिथियम बॅटरी नेतांच येत नाहीं. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास अशी साधी बॅटरीही ३६० वॅट-तासांची भरते. तेव्हां तशी सायकल घरींच ठेवावी.

आम्हीं खोकें निवडलें, आणि मग सायकल सुटी करण्याचें काम आलें. जन्मभर मुलांकडून समासांचे विग्रह करून घेतले. हाही एक विग्रहच. पदें सुटीं करणें सोपें असतें, कोणतें पद कोणत्या संबंधानें जोडलेलें होतें हें ध्यानांत ठेवणें अवघड. मिलिंदपञ्हांत नागसेन राजाला विचारतो, चाक म्हणजे रथ काय, आंस म्हणजे रथ काय? ओसरीवर मांडलेले सुटे भाग पाहून मला तो प्रश्न प्रथमच नीट समजला. बैठकीच्या दांड्यावर उंचीची खूण म्हणून चिकटपट्टी लावली; माझ्या दृष्टीनें सर्व प्रवासांतील मोलाची वस्तु ती हीच. पेडलें काढतांना डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात हें विसरूं नये. पुढचें चाक काढल्यावर चिमट्याच्या दोन टोंकांमध्यें लांकडाचा तुकडा बसवावा, नाहीं तर वरच्या ओझ्यानें तीं आंत दबतात. मागची गियर बदलणारी यंत्रणा ज्या लहानशा हँगरला टांगलेली असते तो सर्वांत आधीं वांकतो; म्हणून ती यंत्रणा सोडवून आंत बांधावी आणि एक हँगर जादा ठेवावा. तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक असतील तर त्यांच्या गुटक्यांमध्यें पुठ्ठ्याचा तुकडा सरकवावा. पाने व अ‍ॅलन चाव्या खोक्यांत. दिव्याची सुटी बॅटरी व पॉवर बँक हातांतल्या पिशवींत.

हें सर्व दुकानदार करून देतो, पण मीं तें मुलीकडून आणि स्वतःच्या हातांनीं दोनदां करवून घेतलें. कारण उघड आहे. पुण्याचा दुकानदार सायकल सोडून देईल. कोचींत ती जोडावयाची आपल्यालाच. हँडल अर्धवट आवळलें गेलें किंवा ब्रेकची तार सैल राहिली, तर तें कळतें उतारावर, मागून लॉरी येत असतांना. पुढचें चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल फिरवून पाहणें, दोन्ही ब्रेक दाबून सायकल ढकलून पाहणें, आणि पहिला अर्धा किलोमीटर ओझ्याशिवाय चालविणें, एवढें केल्याखेरीज आम्ही रस्त्याला लागलों नाहीं.

कोचीचें विमानतळ नेडुंबाश्शेरी येथें, शहरापासून बरेंच दूर आहे. टपावर जाळी असलेली टॅक्सी आधीं ठरविली होती आणि खोक्याची लांबी गाडीवाल्यास कळविली होती. तिरुवनंतपुरमच्या एका सायकलीच्या दुकानदाराशीं मुलीनें पुण्याहूनच फोनवर बोलून दोन रिकामीं खोकीं राखून ठेवण्यास सांगितलें होतें. त्यानें तीं ठेवलीं. जानेवारी असल्यामुळें पाऊस लागला नाहीं. गुडघ्यानें एकदांही जाब विचारला नाहीं. आलप्पुळ्याच्या पुढें एका अंगणांत काथ्याचे दोर वळणाऱ्या बायका दिसल्या, तेव्हां मुलगी थांबली. तिच्या आईला असें कोणाचेंही हातकाम उभें राहून पाहण्याची संवय होती. "बाबा, आई असती तर तुम्हांला येथून तासभर हलूं दिलें नसतें," ती म्हणाली. आणि त्या दिवशीं वाटेनें आम्ही दोघें तिच्याविषयीं जितकें बोललों तितकें मागच्या चार वर्षांत बोललों नव्हतों. मोटारींतून जातांना असें थांबणें होत नाहीं.

एक सूचना द्यावयाची राहिली. सायकल हातीं येतांच, विमानतळ सोडण्यापूर्वींच खोकें तपासावें आणि मोडतोड दिसली तर तेथेंच लेखी नोंद करावी. परदेशप्रवासांत १९९९ च्या माँट्रियल कराराप्रमाणें मोडतोडीची तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांच्या आंत लेखी द्यावी लागते, आणि भरपाईची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एस.डी.आर. आहे; एस.डी.आर. हें आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचें हिशेबाचें परिमाण होय. देशांतील प्रवासाची मर्यादा याहून पुष्कळच लहान असते. महागडी सायकल असेल तर निराळा विमा उतरवावा.

सायकल नेण्याचें साधन निवडतांना आपण सायकलीकडे पाहतों आणि जास्तींत जास्त मजबूत पेटी शोधूं लागतों. पाहावयाचें तें परतीच्या दिवसाकडे. ज्या गांवाहून परतावयाचें तेथें तें साधन आपल्या हाताशीं असेल काय, आणि आपल्याच हातांनीं सायकल त्यांतून काढून पुन्हां त्यांत घालतां येईल काय, या दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं कीं निवड आपोआप होते. आमच्या बाबतींत उत्तर पुठ्ठ्याचें निघालें. वाचकांच्या बाबतींत तें पेटीचेंही निघेल, आणि ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांच्या बाबतींत कदाचित् भाड्याच्या सायकलीचेंही.