मोहोर खुडण्याची वर्षं

जून ते ऑगस्ट हे आमचे बांधणीचे दिवस. दापोली तालुक्यातल्या आमच्या नर्सरीत या काळात दुसऱ्या कशाला उसंत नसते. मे महिन्यात रायवळ आंब्यांचे बाठे गोळा करून ठेवलेले असतात. पाऊस लागला की ते वाफ्यावर पेरायचे. अडीच-तीन आठवड्यांत कोय फुटून कोंब वर येतो. पानं तांबूस, लवलवती, दांडा इतका कोवळा की नख लावलं तर पाणी सुटावं. कलम बांधायचं ते याच वयात. पानं हिरवी पडली, दांडा टणक झाला की कोयकलमाची वेळ गेली.

रोप बाठ्यासकट अलगद उपटायचं. बाठ्याच्या वर चार बोटं ठेवून शेंडा छाटायचा आणि उरलेल्या दांड्याला मधोमध उभी चीर द्यायची, बोटाच्या दोन पेरांएवढी. आता हापूसची काडी. ती दांड्याइतकीच जाड हवी, तीन-चार महिन्यांची हवी, आणि आठवडाभर आधी झाडावर असतानाच तिची पानं कापून ठेवलेली हवीत, म्हणजे शेंड्याचा डोळा फुगतो. काडीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची. एका बाजूला एकच काप. पातं दुसऱ्यांदा फिरलं की पाचरीला खड्डा पडतो आणि तिथे पाणी शिरतं. मग पाचर चिरेत बसवायची, सालीला साल भिडवायची. काडी बारीक असेल तर निदान एका अंगाने तरी भिडलीच पाहिजे. प्लास्टिकची पट्टी खालून वर ताणत गुंडाळायची, वर गाठ मारायची, आणि कलम पिशवीत लावून सावलीत ठेवायचं.

पट्टीचा शेवटचा वेढा बसतो तेव्हा अंगठ्याखाली काडी हलायची थांबते. तेवढा एक क्षण मला अजूनही फार आवडतो. इतकी वर्षं झाली, त्याची गोडी कमी झाली नाही.

हे काम दोन-तीन मिनिटांचं. त्या कलमाचा आंबा मात्र पाच-सहा वर्षांनी, आणि झाड भरात यायला दहा-बारा वर्षं. माझं सगळं आयुष्य या दोन मापांमध्ये गेलं आहे. त्यामुळे दूरच्या गोष्टीसाठी झटताना रोजचा दिवस गोड कसा राहतो, हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकातला नाही. दारात पिशव्यांच्या रांगा लावून तो बसलेला असतो.

लोक म्हणतात, बागेला धीर लागतो. मला हे पुरतं पटत नाही. ज्याने बागेत फक्त पैसे घातले आहेत, त्याला धीर लागतो, कारण त्याच्या हातात वाट बघण्यापलीकडे काही नसतं. जो बागेत वावरतो त्याला वाट बघायला वेळ कुठे असतो? पावसाळ्यात बांडगूळ काढायचं, नाहीतर चार वर्षांत ते फांदी खाऊन टाकतं. खोडाच्या बुंध्याशी भुसा पडलेला दिसला की समजायचं, आत खोड पोखरणारी भिरूड आहे. तारेचा आकडा भोकात घालून तिला बाहेर ओढायची, औषधाचा बोळा घालायचा, भोक चिखलाने लिंपायचं. पाऊस सरता सरता आळ्यांत गवत अंथरायचं. लहान कलमांना पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालायचं, आणि आमच्या कातळावर ते डोक्यावरून वाहायला लागलं तरी घालायचंच. यातलं प्रत्येक काम त्या त्या दिवशी संपतं. भिरूड बाहेर आली की आली. त्यातला आनंद आंबा लागेपर्यंत राखून ठेवायची गरज नसते.

पण ध्येय बाजूला ठेवून आजचा दिवस जगा, असा जो उपदेश हल्ली फार ऐकू येतो, तोही मला चालत नाही. कलम बांधल्यावर काही दिवसांनी जोडाच्या खालून खुंटाला, म्हणजे रायवळच्या रोपाला, फुटवे येतात. दिसायला तजेलदार, हापूसच्या डोळ्यापेक्षा जोमाने वाढणारे. ते ठेवले तर रायवळ माजतो आणि वरची काडी सुकते. म्हणून नखाने खुडत राहायचं. पुढे उभं राहणारं झाड मनात नसेल तर एवढा चांगला कोंब मोडायला हात धजायचा नाही. मनाजोगता दिवस हवा असेल तर त्याला कुठल्यातरी दिशेचं टोक लागतं, असा माझा अनुभव आहे. नुसता मोकळा दिवस मला कधी मानवला नाही.

याहून अवघड काम म्हणजे मोहोर खुडणं. हापूसचं कलम म्हणजे आधीच फळलेल्या झाडाची काडी, त्यामुळे लावल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच ते मोहोरतं. कमरेएवढं झाड आणि त्यावर गुलाबी-पिवळा तुरा. तो काढून टाकायचा. पहिली तीन-चार वर्षं असंच करायचं, म्हणजे झाडाची ताकद मुळांत आणि फांद्यांत जाते. मुंबईत नोकरी करणारा एक तरुण आमच्याकडून कलमं घेऊन गेला होता. वडिलोपार्जित कातळावर त्याने दहा-दहा मीटरवर मीटरभर खोल खड्डे मारले, बाहेरून माती आणून भरली, कर्ज काढून कुंपण घातलं. तिसऱ्या वर्षी थंडीत त्याचा फोन आला, "काकी, मोहोर आलाय. एक तरी आंबा धरू द्या ना."

मी म्हटलं, "धर. पण एकाच झाडावर, आणि बाकीचा तू स्वतःच्या हाताने काढ. गडी लावू नकोस."

मग त्याच रविवारी मी त्याच्या बागेत गेले. तो एकेका झाडाशी उकिडवा बसून मोहोर काढत होता. पहिल्या दहा-बारा झाडांपर्यंत त्याचा चेहरा उतरलेला होता. नंतर तो बोलायला लागला. या झाडाला पालवी उशिरा आली होती, याच्या पूर्वेच्या फांदीवर करपा आहे, ते कडेचं झाड वानरांनी मोडलं होतं पण बघा कसं फुटलंय. तीन वर्षांत तो पहिल्यांदाच बागेतल्या प्रत्येक झाडासमोर बसला होता. तोवर त्याची बाग म्हणजे हप्त्यांचं एक कोष्टक होतं.

म्हातारा आंबा लावतो आणि राजा त्याला विचारतो, याची फळं तू कधी खाणार, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. म्हातारा म्हणतो, नातवंडं खातील. गोष्ट चांगली आहे, पण मला ती अपुरी वाटते. त्यात म्हाताऱ्याच्या वाट्याला नुसता त्याग येतो. खड्ड्यात माती लोटताना त्याला कसं वाटलं, हे राजाने विचारलंच नाही. आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, शेवटपर्यंत कलमं बांधत होते. मला बांधणी शिकवली ती त्यांनीच. त्यांच्या तरुणपणी भेटकलमं होती. खुंटाची कुंडी हापूसच्या झाडाशी मचाण बांधून वर चढवायची, फांदीला खुंट भिडवायचा, आणि जोड बसेपर्यंत दोन-तीन महिने त्या कुंड्यांना वर जाऊन पाणी घालायचं. पुढे दापोलीच्या कृषी विद्यापीठातून कोयकलमाची पद्धत गावोगाव पोचली. 1990 साली रोजगार हमी योजनेतून फळबागा लावायला सुरुवात झाली आणि कलमांची मागणी एकदम वाढली. ती निभावली या कोयकलमांनीच. मामंजींनी नवी पद्धत उतारवयात शिकून घेतली आणि तिच्यात रमले. ते काही सोसताहेत असं त्यांच्याकडे बघून कधी वाटलं नाही. जोड चांगला बसला की ते कलम डोळ्यांसमोर धरून एकदा फिरवायचे आणि खाली ठेवायचे. फळ नातवंडांचं असेल, पण ते फिरवून बघणं त्यांचं स्वतःचं होतं.

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राचा विचार मनात आला की मला आणखी एक गोष्ट जाणवते. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तिथे तयार झालेली रत्ना 1981 साली लोकांपर्यंत आली, आणि रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून काढलेली सिंधू 1992 साली. रत्नात हापूसच्या गरात होणारा साका नाही, सिंधूची कोय अगदी पातळ. खाणाऱ्याला एवढंच दिसतं, त्यामागची खटपट दिसत नाही. एका तुऱ्यात हजारभर फुलं, त्यातली बरीचशी नुसती नरफुलं. हाताने परागीकरण केलं तरी बहुतेक गळतात. जी टिकतात त्यांच्या कोया रुजवायच्या, रोपं फळेपर्यंत वर्षांमागून वर्षं जपायची, आणि फळ आल्यावर त्यातली बहुतेक नापसंत करायची. हे करणारी माणसं नुसती निकालाच्या दिवसावर जगली असतील, हे मला खरं वाटत नाही. चिमट्याने एक फूल नीट उघडलं, पराग नीट लागला, याचा आनंद त्यांना त्याच सकाळी मिळत असणार.

असा आनंद नेहमी हाताशी असतो, असं मी म्हणणार नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि दापोली, मंडणगडच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. आमची मातृवृक्ष म्हणून राखलेली जुनी झाडं मुळांसकट उपटली गेली. ज्यांच्या काड्या मामंजींनी काढल्या, मी काढल्या, ती झाडं. जी लहान होती ती फांद्या छाटून, साखळी लावून उभी केली, कापांना बोर्डोपेस्ट लावली. मोठी उभी राहिली नाहीत. त्या पावसाळ्यातही कलमं बांधली, कारण सगळ्या तालुक्याला कलमं हवी होती. पण मन कशात नव्हतं. पट्टीचा शेवटचा वेढा बसायचा आणि काहीच वाटायचं नाही. काम करत राहिलं की समाधान आपोआप येतं, असं म्हणणाऱ्यांनी तो पावसाळा पाहिलेला नाही. ते परत आलं, पण त्या वर्षी नाही. पडलेल्या झाडांची काडी मात्र आधीच गावोगाव गेलेली होती. पुढच्या हंगामात आम्ही आमच्याच गिऱ्हाइकांच्या बागांतून ती मागून आणली आणि पुन्हा बांधली.

तेव्हापासून मी नर्सरीत एक शिस्त घातली आहे. संध्याकाळचा शेवटचा अर्धा तास कोणी नवं कलम बांधायचं नाही. सगळ्यांनी जुन्या पिशव्यांमधून फिरायचं, मागच्या महिन्यातल्या आणि मागच्या वर्षीच्याही. फुटवे काढायचे, रुतणारी पट्टी सोडायची, कुठल्या काडीला पालवी आली ते बघायचं. हाताखालच्या मुली आधी कुरकुरल्या, कारण मजुरी बांधलेल्या नगावर होती. मग त्या अर्ध्या तासाचे वेगळे पैसे लावले. आता त्याच मला हाक मारून दाखवतात, "काकी, ही बघा, ही धरली."

मुंबईच्या त्या मुलाला मी एक वही करायला सांगितली होती. पहिली काही वर्षं उत्पन्नाचा रकाना आखायचा नाही, फक्त कुठल्या झाडाला कधी पालवी आली आणि त्या दिवशी तिथे काय केलं, एवढंच लिहायचं. गेल्या पावसात तो ती वही घेऊन आला. चिखलाचे डाग पडलेली, पानं फुगलेली. आम्ही पडवीत बसून ती वाचली. मध्येच थांबून तो म्हणाला, वरच्या कातळावर अजून जागा आहे, या वेळी थोडी रत्ना द्या. मी त्याला सांगितलं, रत्नाच्या काड्यांची पानं परवाच कापली आहेत, पुढच्या आठवड्यात ये आणि बांधताना स्वतः बस.