कपाळ बघून घ्या!

सीएसएमटीला उतरा आणि दहा मिनिटं सरळ चाला. समोर 1869 चं क्रॉफर्ड मार्केट. बाहेर लॉकवूड किपलिंगची शिल्पं, आत स्ट्रॉबेरीचा घमघमाट. 2019 च्या डिसेंबरात मी मात्र थेट मागे, पक्ष्यांच्या दुकानांकडे वळले. घरच्या एकट्या बजीला जोडीदारीण हवी होती. आपण सर्रास ‘लव्हबर्ड्स’ म्हणतो ना, ते बहुतेकदा हेच, मूळचे ऑस्ट्रेलियाचे बजी.

‘ले जाओ मॅडम, अभी अंडा देगी!’

पर्स उघडणार, तेवढ्यात शेजारचे एक काका म्हणाले, ‘थांब गं पोरी, कपाळ बघितलंस का?’

मग गर्दीतच क्लास सुरू! पिल्लाच्या कपाळावरच्या काळ्या रेघा थेट नाकपुड्यांपर्यंत येतात. तीन-चार महिन्यांनी पिसं झडली की कपाळ स्वच्छ. डोळा आधी पूर्ण काळा. आठेक महिन्यांपर्यंत बाहुलीभोवती पांढरी कडी उमटते. वयात आलेल्या मादीची नाकपट्टी तपकिरी होते. त्यापुढे नेमकं वय सांगणार ती पायातली सालाची रिंगच.

माझ्या ‘वधू’च्या कपाळावर रेघाच रेघा! एवढ्या लहान मादीच्या पोटात अंडं अडकलं तर जीवच जातो. वर्षाची होईपर्यंत थांबायचं.

तिला घरी आणलं, पण वेगळ्या पिंजऱ्यात. आपल्यालाही प्रोबेशन असतंच की! पुढच्या डिसेंबरात मडकं टांगलं. तीन पिल्लं झाली. पिसं फुटल्यावर पहिलं काय बघितलं असेल? कपाळ. तिघांच्याही रेघा, अगदी नाकापर्यंत!