हिचकॉक यांचे दोन दुर्लक्षित चित्रपट

आल्फ्रेड हिचकॉक हे नाव उच्चारताच 'सायको' (१९६०) मधील स्नानगृह किंवा 'द बर्ड्स' (१९६३) मधील पक्ष्यांचे थवे डोळ्यांपुढे उभे राहतात. या कीर्तीच्या सावलीत त्यांच्या काही मोलाच्या कलाकृती झाकल्या गेल्या. इतिहासाचा शिक्षक या नात्याने त्यांतील दोन मला विशेष जवळच्या वाटतात.

'द राँग मॅन' (१९५६) सत्यघटनेवर आधारलेला आहे. न्यूयॉर्कच्या स्टॉर्क क्लबमधील वादक मॅनी बॅलेस्ट्रेरो पत्नीच्या विमा पॉलिसीवर कर्ज मिळेल का, हे विचारायला विमा कचेरीत जातो. तेथील स्त्री कर्मचाऱ्यांना तो पूर्वी येऊन गेलेला लुटारू वाटतो. पोलीस लुटारूच्या चिठ्ठीतील मजकूर त्याच्याकडून लिहून घेतात. नेमकी तीच शब्दचूक त्याच्या हातून होते आणि तोच पुरावा ठरतो. पुढे खरा गुन्हेगार सापडतो. पण तोवर पत्नी रोझ मनाने खचून मनोरुग्णालयात पोहोचलेली असते. येथे कोणीही जाणूनबुजून खोटे बोलत नाही, तरीही निरपराध माणूस भरडला जातो. साक्षीची चिकित्सा का करावी, हे मी वर्गात तासभर सांगतो. हा चित्रपट ते एका चेहऱ्यातून सांगतो.

'लाइफबोट' (१९४४) जॉन स्टाइनबेक यांच्या कथेवरचा. जर्मन पाणबुडीने बुडवलेल्या जहाजातील माणसे अटलांटिक महासागरात एका नावेत अडकलेली आहेत. नावेत चढलेल्या जर्मनाला ठेवायचे की समुद्रात लोटायचे, यावर मते घेतली जातात. तेव्हा जो हा कृष्णवर्णीय कर्मचारी विचारतो, मलाही मत आहे का? होकार मिळतो, पण तो मत देत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवले जात होते, तो हा काळ. जोचे चित्रण स्टाइनबेक यांना इतके खटकले, की चित्रपटातून आपले नाव काढावे अशी मागणी त्यांनी केली. त्यांचा आक्षेप रास्त होता. तरीही अखेरीस सारे त्या जर्मनावर तुटून पडतात, तेव्हा त्या जमावात जो नसतो, हे विसरता येत नाही. मताचे मोल जाणणाऱ्या आपल्या समाजाला त्या एका प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

माजी विद्यार्थ्यांनी हे दोन्ही चित्रपट मुलांसोबत पाहावेत. पाहून झाल्यावर त्यांना एवढेच विचारावे: कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवला गेला, आणि कोणाला विचारायचेच राहून गेले?