निळा पडदा

सभागृहातील पडदा निळा झाला, की सर्वांचा संशय प्रथम प्रोजेक्टरवर जातो. यंत्र जितके महाग, तितका संशय मोठा. पुष्कळदा दोष मात्र एखाद्या सैल पिनेत असतो. शाळेच्या सभागृहातील ही उपकरणे अनेक वर्षे माझ्याकडे आहेत. माझा शिरस्ता असा, की संकेत जिथून निघतो तिथपासून पडद्यापर्यंत एकेक टप्पा तपासावा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर चित्र आले तरी ते कशामुळे आले हे कळत नाही.

या स्मरणिकेच्या निमित्ताने भांडारातील जुन्या व्हीएचएस कॅसेटी बाहेर निघाल्या. एकीवर नव्वदच्या दशकातील स्नेहसंमेलन होते. व्हीसीआर प्रोजेक्टरला जोडला, तर आवाज स्वच्छ आणि पडदा निळा. मधूनच चित्र क्षणभर चमकून जाई. टेप संपली, असा निकाल झाला आणि कॅसेट रद्दीच्या ढिगात गेली. मी ती परत उचलली. संपलेली टेप क्षणभरही चित्र दाखवीत नाही.

त्याच तारेने डीव्हीडी प्लेअर जोडून पाहिला. चित्र निर्दोष. प्रोजेक्टर व तार दोन्ही संशयातून सुटले. मग व्हीसीआर वसतिगृहातील जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला लावला. तेथे चित्र दिसले. रंग विटलेले, वरची कड वाकलेली, पण माणसे ओळखू येत होती.

पाल पद्धतीत एका चित्राच्या ६२५ रेषा असतात आणि सेकंदाला अशी २५ चित्रे. प्रत्येक रेषेच्या आरंभी ताल देणारा एक स्पंद असतो. एक व्होल्टच्या संकेतात त्याचा वाटा सुमारे ०.३ व्होल्ट. टेप ताणली गेली वा हेडवर थर बसला, की हा ताल डळमळतो. जुना टीव्ही ते सांभाळून घेतो. आमचा नवा प्रोजेक्टर ताल चुकताच चित्र नाकारून निळा पडदा दाखवतो. जुने यंत्र मला याबाबतीत अधिक समजूतदार वाटते.

हेड साफ केले. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेले मऊ चामडे स्थिर धरून नळकांडे हाताने हळू फिरवायचे. उभे घासले तर हेडचे टोक तुटते. तरीही पडदा निळाच. अखेर मध्ये टाइम बेस करेक्टर असलेला डीव्हीडी रेकॉर्डर जोडला. तो डळमळणाऱ्या रेषा क्षणभर साठवून ठरल्या वेळी पुढे सोडतो. पडदा उजळला.

मुले समूहगीत गात होती. मागे दाराशी, पदराला हात पुसत, स्वयंपाकघरातील मावशी उभ्या होत्या. चित्रण करणाऱ्याचे लक्ष मुलांकडे. मावशी जेमतेम अकरा सेकंद दिसतात. आता त्या नाहीत, आणि त्यांचे दुसरे छायाचित्र शाळेत कोठेही नाही.

या अंकात छापलेले त्यांचे चित्र त्याच टेपेतले आहे. त्याच्या तळाशी दिसणारी विस्कटलेली पट्टी हा छपाईचा दोष समजू नये. व्हीसीआर एका हेडवरून दुसऱ्यावर जातो तेथे ती उमटते. टीव्हीवर ती चौकटीआड झाकली जाई. ती कापावी, असे संपादकांचे म्हणणे होते. पण कापली असती तर मावशींची पावले गेली असती.

भांडारात आणखी सात कॅसेटी आहेत. दोहोंच्या कडांवर पांढरी बुरशी दिसते. त्या साफ होईपर्यंत कोणीही व्हीसीआरमध्ये घालू नयेत. बुरशी हेडवर बसते आणि तेथून चांगल्या टेपांनाही लागते.