घर ताईचं, इमारत सगळ्यांची

२०१८ च्या दिवाळीच्या सुट्टीत न्यूयॉर्कला मावसबहिणीकडे तीन आठवडे राहून आले. मॅनहॅटनच्या पश्चिम भागात, वेस्ट एंड अ‍ॅव्हेन्यूवर तिचं घर. मला वाटलं होतं, एखाद्या चकचकीत काचेच्या टॉवरमध्ये असेल. पण टॅक्सी थांबली ती १९२० च्या दशकातल्या, विटांच्या पंधरा मजली इमारतीसमोर. गणवेशातल्या दरवानानं अदबीनं बॅगा उतरवून घेतल्या. ताई म्हणाली, “अशा इमारतीला इथं ‘प्री-वॉर’ म्हणतात, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. आपल्याकडे घर जुनं म्हटलं की भाव उतरतो, इथं चढतो!”

का चढतो, ते आत गेल्यावर कळलं. उंच छत, पायाखाली ओक लाकडाच्या पट्ट्यांची नक्षी, आणि भिंती इतक्या जाड की शेजारचा पियानो ऐकू येत नाही. स्वयंपाकघराला मागचं दार आणि तिथून नोकरांसाठीची वेगळी लिफ्ट. एके काळी मोलकरणीसाठी बांधलेल्या चिंचोळ्या खोलीत आता ताईचं देवघर आहे. खिडकीखालच्या लोखंडी रेडिएटरमध्ये तळघरातल्या बॉयलरची वाफ येते, तेव्हा पहाटे ठणठण आवाज होतो. उष्णता कमी-जास्त करणं आपल्या हातात नाही, म्हणून ऐन थंडीत खिडकी किलकिली ठेवायची!

“एवढं छान घर तुमच्या मालकीचं!” मी म्हटलं.

ताई हसली. “अगं, घर नाही, आमच्या मालकीचे फक्त शेअर्स.”

अशा ‘को-ऑप’मध्ये सगळी इमारत एका कंपनीची असते. घराच्या मोलानुसार त्या कंपनीचे शेअर्स घ्यायचे, त्याबदल्यात राहण्याचा करार मिळतो. महापालिकेचा कर, इमारतीवरचं कर्ज, बॉयलरचं इंधन, नोकरांचे पगार, सगळं दरमहा वाटून भरायचं. शिवाय डिसेंबरमध्ये दरवानांना पाकिटं द्यायची. आपली दिवाळीची पोस्तच ती. बाहत्तराव्या रस्त्यावरची प्रसिद्ध ‘डकोटा’ ताईनं मुद्दाम दाखवली. १९८० साली जॉन लेननची हत्या झाली ती तिच्याच दाराशी. १८८४ सालची ही इमारत आधी भाड्याची होती, १९६१ मध्ये को-ऑप झाली.

पण नुसते पैसे असून भागत नाही. रहिवाशांनी निवडलेलं मंडळ मुलाखत घेतं आणि कारण न सांगता नकार देऊ शकतं. माजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनाही १९७९ मध्ये अशा एका इमारतीनं घेतलं नव्हतं. ताई-भावोजींनी १९९६ साली अर्ज केला तेव्हा कराची विवरणपत्रं, बँकेचे हिशेब, स्नेह्यांची शिफारसपत्रं असा गठ्ठाच दिला होता. “मुलाखतीला साडी नेसू की नको, यातच माझे दोन दिवस गेले,” ताई सांगत होती.

आज तीच त्या मंडळावर आहे. मी असतानाच एका संध्याकाळी एका तरुण जोडप्याची मुलाखत होती. ताई परत आली ती गप्पच. पानावर बसल्यावर मी विचारलं, “काय ठरलं गं?”

“ते सांगता येत नाही.”

रात्री भांडी आवरताना मात्र म्हणाली, “वंश, धर्म बघून कुणाला नाकारणं कायद्यानं गुन्हा आहे. पण कारणच सांगायचं नसेल, तर मनात काय होतं ते कोण सिद्ध करणार? आम्हाला तरी ‘हो’ का म्हणाले, ते आजवर कुणी सांगितलेलं नाही.”

मला आपल्याकडच्या सोसायट्या आठवल्या. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. परक्या शहरात आपल्या माणसांना हक्काचं छप्पर मिळालं. सहकारानं किती घरं उभी केली! पण ‘आपली माणसं’ म्हटलं की बाहेरची कोण, हेही ठरतंच.

बेळगावला परतल्यावर महिन्याभरानं आमची माडीवरची खोली रिकामी झाली. कॉलेजात शिकणारी एक मुलगी चौकशीला आली. सवयीनं माझ्या तोंडी आलं, “आडनाव काय तुझं?” तिचा चेहरा किंचित आक्रसला, आणि मला त्या रात्रीची ताई आठवली.

“राहू दे,” मी म्हटलं, “आधी वर जाऊन खोली बघून ये.”