बर्फातल्या फोटोसाठी हातमोजे

मैत्रिणींनो, महाबळेश्वरच्या थंडीला पुरतील असे हातमोजे आपल्यापैकी पुष्कळजणींच्या कपाटात असतील. तेवढ्यावर भिस्त ठेवून हिवाळ्यात हिमालयात फोटो काढायला निघू नका, हे सांगायला आज लिहायला बसले आहे.

मागे एका फेब्रुवारीत आम्ही स्पितीतल्या किब्बर गावी गेलो होतो. उंची सुमारे ४,२०० मीटर. मनालीकडचा रस्ता तेव्हा बर्फानं बंद असतो, म्हणून सिमल्याहून किन्नौरमार्गे जावं लागतं. रात्री पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. अशा दिवसांत तिथे लोक जातात ते हिमबिबट्या पाहायला.

निघण्यापूर्वी घरात चर्चा एकच, कॅमेरा कोणाच्या हाती द्यायचा? कॅमेरा माझा, अर्धवेळ शिकवणीच्या पगारातून साठवून घेतलेला. पण धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, थंडीत तुमचे हात चालायचे नाहीत. दादाच काढील फोटो." हात चालायचे नाहीत म्हणे! पहाटेच्या गार पाण्यात भांडी कोण घासतं, हे विचारायचं होतं. पण ते असो. त्यांच्या बोलण्यात थोडं तथ्य होतं. लहान हात मोठ्या हातापेक्षा लवकर गार पडतो. म्हणूनच हातमोजे घरातल्या पुरुषांच्या मापानं न घेता स्वतःच्या मापानं घ्यायचे.

शिवणाच्या डब्यातली टेप काढा. अंगठा सोडून तळहाताभोवती, बोटांच्या मुळाशी गुंडाळा. माझं माप सात इंच भरलं. दुकानात बहुतेक पुरुषी मापं पुढे करतात; त्यांत बोटांच्या टोकाशी रिकामी जागा राहते, आणि नेमकं तिथेच तर कॅमेऱ्याचं बटण दाबायचं असतं. घट्टही नको. बोटं आवळली गेली की रक्त नीट फिरत नाही, आणि जाड हातमोज्यातही ती बधिर होतात. मूठ वळून बघा. शिवण ताणली तर एक माप वरचं घ्या.

आता मुख्य गोष्ट. एकच जाडजूड जोड घेऊ नका. थंडीत आपण कपडे जसे एकावर एक चढवतो, तसे हातमोजेही दोन घ्यायचे. आतला पातळ, मेरिनो लोकरीचा किंवा चांगल्या कृत्रिम धाग्याचा. सुती मात्र नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि ओलं झालं की ऊब राहत नाही. हा पातळ मोजा घालून घरी जमिनीवरचं रुपयाचं नाणं उचलून पाहा, कॅमेऱ्याची चकती फिरवून पाहा. मोबाईलवर फोटो काढणार असाल, तर बोटाच्या टोकाला वीजवाहक धागा विणलेला हवा, नाहीतर काच स्पर्श ओळखत नाही.

वरचा मोजा असा घ्या, की अंगठा वेगळा आणि चारही बोटं एकाच पिशवीत. बोटं एकमेकांना ऊब देतात, म्हणून वेगवेगळ्या बोटांच्या मोज्यापेक्षा हा गरम. बाहेरचं कापड वारा अडवणारं हवं आणि मनगट पुरतं झाकलेलं हवं. काहींना बोटांवरचं टोपण मागे उलटण्याची सोय असते. आपल्या कामाला तेच उत्तम. लहान मुलांच्या मोज्यांना बांधतो तशी नाडीही असू द्या. दरीच्या काठावर एकदा मोजा उडाला की गेला!

आम्ही दोन दिवस नुसते उभे होतो. खरी थंडी ह्या उभं राहण्यात आहे, बरं का. चालताना हात गरम राहतात. थांबलं की शरीर छाती-पोटाची ऊब राखण्यासाठी बोटांकडचं रक्त आखडतं घेतं. म्हणून बोटं गारठली की आधी टोपी आणि गळपट्टा तपासा. ट्रायपॉडच्या धातूच्या पायांना मी सायकलच्या हँडलची पट्टी गुंडाळली होती, कारण गार धातू मोज्यातूनही ऊब ओढून घेतो. बॅटऱ्या थंडीत लवकर उतरतात. त्या आतल्या खिशात. (आपल्या कपड्यांना खिसे का नसतात, हा वेगळ्या लेखाचा विषय!) लोहचूर्णाच्या गरम पुड्या मिळतात, हवा लागली की तापतात, त्या दोन मोज्यांच्या मध्ये ठेवाव्या, कातडीला लावू नयेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या कड्यावर तो दिसला. ह्यांचे हातमोजे एकच आणि जाड. ते दातांनी ओढून काढेपर्यंत मी टोपण उलटून चार फोटो घेतले होते. एका फोटोत शेपूट स्पष्ट आली आहे. तो आता दिरांच्याच दिवाणखान्यात लावला आहे.

त्या संध्याकाळी बरोबरच्या एका बाईंनी मोजा काढला, तर तर्जनीचं टोक पांढरं पडलेलं, स्पर्शही कळेना. त्या तंदूरवर, म्हणजे तिथल्या शेगडीवर, हात धरणार तोच घरमालकिणीनं त्यांचा हात मागे ओढला. बधिर कातडीला चटका कळत नाही, ती भाजते. चोळायचंही नसतं, आणि बर्फानं तर मुळीच नाही. बोट काखेत धरून बसायचं. रंग आणि संवेदना परत आली तर ठीक; आली नाही, फोड आले किंवा कातडी टणक लागली, तर लगेच डॉक्टरकडे. त्या बाईंचं बोट वीस मिनिटांत लाल होऊन ठणकू लागलं, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

आणखी एक. दिवसभराच्या घामानं आतले मोजे दमट होतात. ते शेगडीला लावून वाळवू नका, लोकर आटते. रात्री आपल्याच पांघरुणात, पोटाशी ठेवा. सकाळी कोरडे आणि ऊबदार मिळतात.